खांद्यावरची होडी

होडी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पोटापाण्याचा उद्योग उभा राहतो. खाडीत जाळे टाकणारा कोळी, बाजारकऱ्यांना पैलतीरी पोचवणारा नावाडी, गलबतावरून मालाची ने-आण करणारा तांडेल. ह्यांतला कोणीही गंमत म्हणून पाण्यात उतरत नसे. सुटीच्या दिवशी पदरचे पैसे खर्चून, तळहाताला फोड आणून, कोठेही पोचण्याची घाई नसताना माणसे होडी वल्हवीत बसतात, असे एखाद्या जुन्या नावाड्याला सांगितले असते तर तो आपल्या तोंडाकडे पाहून हसला असता. त्याच्या हसण्यात थोडे शहाणपणही होते. ज्या दोन होड्यांनी जगभरच्या हौशी माणसांना वेड लावले, त्या कयाक आणि कॅनू ह्या दोन्ही भुकेपोटी जन्मल्या. भुकेची होडी हौसेची कशी झाली आणि ती साध्या माणसाच्या हाती कोणी आणून दिली, ही हकीकत दिवाळीच्या फराळाबरोबर वाचावी इतकी सुरस आहे. मात्र तिची चव सगळीच गोड नाही.

प्रथम ह्या दोन बहिणींतला फरक समजून घेऊ. कयाक ही उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलखातल्या इन्युइट लोकांची. भूगोलाच्या जुन्या पुस्तकांत ज्यांना एस्किमो म्हणत, तेच हे लोक. ग्रीनलंडसारख्या प्रदेशात होडीजोगे झाड मिळायचे नाही. समुद्राने वाहत आणून टाकलेले लाकूड आणि हाडे ह्यांचा सांगाडा बांधायचा आणि त्यावर सीलची कातडी ताणून बसवायची. सांगाडा पुरुष बांधीत. कातडी शिवण्याचे काम बायकांचे. सुई कातड्याच्या आरपार जाऊ न देता त्या अशा बेताने टाका घालीत की पाण्याचा थेंब आत येऊ नये. घरधन्याचा जीव त्या टाक्यावर असे. शिंप्याकडून अंगरखा बेतून घ्यावा तशी कयाक मालकाच्या अंगाने बेतलेली असे. लांबी साधारण त्याच्या तीन वावा. तीत पाय लांब करून बसायचे. होडी वरून झाकलेली, कमरेभोवती कातड्याचा घेर घट्ट आवळलेला, आणि हातात दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे.

कॅनू ही उत्तर अमेरिकेच्या रानातली. आपल्या पूर्वजांनी ज्या कुळातल्या झाडाच्या सालीवर पोथ्या लिहिल्या, त्याच भूर्जकुळातल्या झाडाच्या सालीची तिकडच्या आदिवासींनी होडी केली. सालीची आतली बाजू बाहेर करायची, लाकडाच्या पातळ फासळ्या आतून बसवायच्या, स्प्रूस नावाच्या झाडाच्या मुळ्यांनी शिवायचे आणि सांधे राळेने बुजवायचे. ही होडी वरून उघडी. तीत गुडघे टेकून एकाच पात्याच्या वल्ह्याने ती चालवतात. वाटेत धबधबा आला की होडी पालथी करून डोक्याखांद्यावर घ्यायची आणि रानातून पुढच्या पाण्यापर्यंत न्यायची. कॅनू हा शब्द मात्र त्या रानातला नव्हे. तो कोलंबसाच्या लोकांनी १४९२ साली कॅरिबियन बेटांवर ऐकला आणि पुढे युरोपीय भाषांनी तो सगळ्याच आदिवासी होड्यांना चिकटवून टाकला.

दोघींत दोन गुण समान. एक, त्या हलक्या. माणूस होडीत बसतो तशी वेळ आली की होडी माणसावर बसते. दुसरा, त्यांत माणसाचे तोंड पुढे असते. युरोपातल्या वल्ह्याच्या नावेत वल्हेकरी पाठ फिरवून बसे; मागे सोडलेला काठ त्याला दिसे, पण समोरचा खडक दिसत नसे. ह्या दोन गुणांनीच पुढचा सगळा इतिहास घडवला.

युरोपात कयाक आली ती मात्र फार केविलवाण्या रीतीने. अठराव्या शतकाच्या आरंभी केव्हातरी स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीन शहराजवळ एक इन्युइट माणूस आपल्या कयाकसह सापडला. त्याची भाषा कोणाला कळेना. थोड्याच दिवसांत तो मरण पावला. त्याचे नाव आज कोणाला ठाऊक नाही. त्याची कयाक मात्र तेथल्या विद्यापीठाने जपून ठेवली. त्या काळी व्हेलच्या शिकारीला जाणारी जहाजे ग्रीनलंडच्या माणसांना त्यांच्या होड्यांसकट पळवून आणीत आणि युरोपच्या बंदरांत त्यांचे तमाशे दाखवीत. पळवलेली माणसे बहुधा परत गेली नाहीत. त्यांच्या होड्या संग्रहालयांच्या छतांना टांगलेल्या राहिल्या.

आता ज्या गृहस्थाने ही होडी हौसेच्या मैदानात आणली, त्याच्याकडे वळू. त्याचे नाव जॉन मॅकग्रेगर, आणि त्याच्या जन्मकथेचा एक धागा हिंदुस्थानाकडे येतो. १८२५ च्या फेब्रुवारीत ईस्ट इंडिया कंपनीचे केंट नावाचे जहाज पलटण घेऊन बंगालकडे निघाले. त्यावर मेजर डंकन मॅकग्रेगर, त्यांची पत्नी आणि पाच आठवड्यांचा जॉन होता. बिस्केच्या उपसागरात वादळ लागले. तळघरात दारूचे पिंप सुटले होते ते पाहायला गेलेल्या अधिकाऱ्याच्या हातून कंदील पडला आणि १ मार्च रोजी जहाज पेटले. मेजरसाहेबांनी जगाचा निरोप घेणारी चिठ्ठी लिहून बाटलीत घातली आणि समुद्रात टाकली. ती बाटली पुढे थेट बार्बाडोस बेटाच्या किनाऱ्याला लागली. पण तोवर चिठ्ठी लिहिणारा सुखरूप घरी पोचला होता. केंब्रिया नावाच्या लहानशा जहाजाने त्यांच्यासह पाचशेहून अधिक माणसांना वाचवले. पाण्याने ज्याला पाळण्यात असतानाच सोडून दिले, त्याने पुढे सारा जन्म पाण्याशी खेळण्यात घालवावा, ही एखाद्या कादंबरीकाराला सुचावी अशी गोष्ट आहे. परंतु ती घडलेली आहे.

जॉन बॅरिस्टर झाला. कोर्टापेक्षा त्याचे मन लंडनच्या अनाथ पोरांत अधिक रमे. गरिबांच्या फुकट शाळांसाठी तो झटला. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी रस्त्यावरच्या मुलांना बूट पुसण्याचा धंदा लावून देणारे पथक उभे करण्यात तो पुढे होता. १८७० मध्ये लंडनचे पहिले शाळा-मंडळ निवडले गेले, त्यातही तो निवडून आला. माझ्यासारख्या शाळामास्तराला म्हणूनच तो जवळचा वाटतो. उत्तर अमेरिकेच्या प्रवासात त्याने तिकडच्या लोकांच्या होड्या पाहिल्या होत्या. त्यांच्यावरून त्याने लंडनमध्ये लाकडाची एक होडी बांधून घेतली: १५ फूट लांब, २८ इंच रुंद, ९ इंच खोल आणि ८० पौंड वजनाची. अंग ओक लाकडाचे, झाकण सीडरचे, सोबत चिमुकले शीड, आणि ७ फुटी दुपाती वल्हे. घडण कयाकची, पण त्याने तिला कॅनूच म्हटले, आणि त्यामुळे इंग्लंडात ह्या दोन नावांचा जो गोंधळ सुरू झाला तो अजून निस्तरलेला नाही. होडीचे नाव त्याने ठेवले रॉब रॉय.

१८६५ च्या उन्हाळ्यात हा चाळिशीचा ब्रह्मचारी एकटाच निघाला. राईन, माईन, डॅन्यूब, रॉइस, मोझेल, मार्न, सीन अशा नद्यांतून, स्वित्झर्लंडच्या सरोवरांतून आणि मध्येच आगगाडीतून व बैलांच्या गाडीतून होडी नेत तो पॅरिसला पोचला. गावोगावी माणसे काठावर जमत. साहेब असून हा नोकर का ठेवीत नाही, व्यापार नाही तर हा कशासाठी फिरतो, हे त्यांना उमगेना. परत येऊन १८६६ साली त्याने ह्या हजार मैलांचे पुस्तक लिहिले आणि ते हातोहात खपले. त्याच वर्षी टेम्सकाठी कॅनू क्लब स्थापन झाला. पुढच्या वर्षी युवराजांनी त्याचे अध्यक्षपद घेतले आणि १८७३ मध्ये त्याच्या नावापुढे रॉयल हे बिरुद लागले. पुस्तकांची आणि व्याख्यानांची मिळकत मॅकग्रेगरने गोरगरिबांच्या कामी लावली.

त्याच्या सफरींतला एक प्रसंग मुलांना सांगण्यासारखा आहे. १८६९ मध्ये तो जॉर्डन नदीतून जात असता हुला सरोवराजवळच्या अरबांनी त्याला अडवले. होडी सोडून तो बाहेर येईना आणि त्याला सोडायला तेही तयार होईनात. अखेर त्यांनी मॅकग्रेगर आत बसलेला असतानाच रॉब रॉय खांद्यावर घेतली आणि पालखी निघावी तशी ती वरात शेखच्या तंबूपाशी नेली! होडी हलकी असली म्हणजे काय काय घडू शकते, त्याचा हा नमुना.

मॅकग्रेगरच्या पुस्तकाने घरोघरी वेड शिरले. १८७६ साली रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा तरुण आपल्या मित्राबरोबर बेल्जियम-फ्रान्सच्या कालव्यांतून आणि नद्यांतून अशाच दोन होड्यांत फिरला. वाटेत एका पडलेल्या झाडाला अडकून तो उलटला, तरी हातचे वल्हे त्याने सोडले नाही. ह्या सफरीवर लिहिलेले पुस्तक त्याचे पहिले पुस्तक ठरले. न्यूयॉर्कला १८७१ मध्ये क्लब निघाला. नॅथॅनियल बिशप नावाच्या गृहस्थाने तर चक्क कागदाच्या होडीतून, थरांवर थर चिकटवून वार्निश दिलेल्या कागदाच्या, मेक्सिकोच्या आखातापर्यंत मजल मारली. परंतु ही सारी मंडळी बॅरिस्टर, लेखक, सुखवस्तू. ज्याच्या खिशात पैसा नाही आणि अंगात बळही नाही, त्याचे काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर एका चांभाराने दिले. जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स हा पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात जोडे शिवी. लहानपणी एका आदिवासी तरुणाने त्याला रानात फिरायला, मासे धरायला शिकवले होते. त्या तरुणाचे नेसमक हे नावच त्याने पुढे लेखनासाठी घेतले. माणूस पाच फुटांहून थोडासाच उंच, वजनाने पन्नास किलोच्या आसपास, आणि छातीचा आजारी. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत शेकडो सरोवरे आहेत. श्रीमंत लोक तेथे वाटाड्या ठेवीत. तोच होडी वल्हवी, तोच ती खांद्यावर वाही, तोच रांधून वाढी. सीअर्सला हे परवडणारे नव्हते आणि रुचणारेही नव्हते. त्याने कॅन्टन गावच्या जे. हेन्री रश्टन ह्या होडी बांधणाऱ्याला पत्र लिहून आपल्या बेताची हलकी होडी मागवली. मग आणखी हलकी. मग त्याहूनही हलकी. होता होता १८८३ साली त्याने ज्या होडीतून २६६ मैलांची सफर केली, तिचे वजन अवघे साडेदहा पौंड होते; म्हणजे पावणेपाच किलो. बाजारातून आणलेली भाजीची पिशवी पुष्कळदा याहून जड भरते.

ह्या होडीचे नाव सेअरी गॅम्प. डिकन्सच्या एका कादंबरीतली ही सुईणबाई. तिला दारू आवडे, पाण्याचे वावडे. ही होडीही पाणी आत घेणार नाही, हा सीअर्सचा विनोद. साठी उलटलेला तो दुखणाईत माणूस ती होडी एका हाताने उचली आणि सरोवरामागून सरोवर एकटा पार करी. शिकारीच्या एका साप्ताहिकात त्याने ह्या सफरींची पत्रे लिहिली, आणि कारखान्यांत व कचेऱ्यांत राबणाऱ्या, वर्षाला मोजक्या सुट्या मिळणाऱ्या माणसांना प्रथमच कळले की हे सुख आपल्याही आवाक्यातले आहे. मॅकग्रेगरने होडीला कीर्ती दिली; सीअर्सने तिचे ओझे उतरवले. माझ्या मते दुसरे काम अधिक मोठे.

तरी शहरातल्या माणसाची अडचण उरलीच होती. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात १५ फुटांची होडी ठेवायची कोठे आणि नदीपर्यंत न्यायची कशी? १९०५ साली म्युनिकच्या आल्फ्रेड हॉयरिश नावाच्या विद्यार्थ्याने काठ्यांचा सांगाडा आणि त्यावर कापडाची खोळ अशी घडीची होडी केली आणि ती ईझर नदीत चालवून दाखवली. तिचे हक्क १९०७ मध्ये रोझेनहाइम गावच्या योहान क्लेपर ह्या शिंप्याने घेतले. होडी पिशव्यांत भरायची, आगगाडीत ठेवायची, नदीकाठी उतरून जोडायची आणि संध्याकाळी पुन्हा घडी करून घरी आणायची. दोन महायुद्धांमधल्या काळात जर्मनीत रविवारी सकाळी अशा पिशव्या घेतलेल्या माणसांची स्टेशनांवर झुंबड उडे. गंमत अशी की लाकडावरून कापडावर येताना युरोपने नकळत इन्युइटांचीच युक्ती पुन्हा उचलली: आत सांगाडा, वर कातडे. आणि चांभारामागून शिंपी, म्हणजे शिवणाऱ्या हातांनीच ती पुढे नेली.

ह्याच घडीच्या होडीतून एक प्रवासी आपल्या किनाऱ्यावरूनही गेला. ऑस्कर श्पेक हा बेकार झालेला वीजतंत्री १९३२ मध्ये जर्मनीतल्या उल्महून निघाला. सायप्रसच्या तांब्याच्या खाणींत काम शोधावे एवढाच त्याचा बेत. परंतु वल्हे हातात आल्यावर तो थांबेना. युफ्रेटिस, इराणचे आखात, कराची, तेथून हिंदुस्थानचा पश्चिम किनारा उतरून १९३५ मध्ये तो सिलोनला पोचला. मग मद्रास, कलकत्ता, ब्रह्मदेश, जावा असे करीत १९३९ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतल्या एका बेटाला लागला. सात वर्षे झाली होती, आणि त्याच महिन्यात महायुद्ध पेटले होते. पोलिसांनी आधी त्याचे अभिनंदन केले आणि मग शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला कैदेत टाकले, असे सांगतात. युद्ध संपेपर्यंत हा दर्यावर्दी चार भिंतींआड राहिला.

इकडे हौस वाढत होती. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ह्या होड्यांच्या शर्यतींना पूर्ण मान्यता मिळाली. त्यांत घडीच्या होड्यांचीही शर्यत होती. १९३८ साली बर्नार द कोलमाँ आणि त्याची नववधू झन्व्हिएव्ह हे फ्रेंच जोडपे एका मित्रासह अमेरिकेतल्या ग्रीन आणि कोलोराडो ह्या खळाळत्या नद्यांत घडीच्या होड्यांतून उतरले. लग्नानंतरचा प्रवास म्हणून!

पण कातड्याची युक्ती उचलली, तरी त्यामागची विद्या इतक्या सहज हाती येणारी नव्हती. बर्फाच्या पाण्यात उलटलेला इन्युइट शिकारी पोहून वाचत नाही; गारठ्याने काही मिनिटांतच हातपाय लुळे पडतात. म्हणून होडीतून बाहेर न पडता, पाण्याखाली उलटे लटकत असतानाच वल्ह्याच्या एका फटक्याने आणि कमरेच्या हिसक्याने पुन्हा सुलटे व्हायची कला ते लहानपणापासून शिकत. ऑस्ट्रियाच्या एडी हान्स पाव्लाटाने नुसती वर्णने वाचून १९२७ साली ती साधली, तेव्हा युरोपात तिचा केवढा बोलबाला झाला. इंग्रज संशोधक गिनो वॉटकिन्स तर ग्रीनलंडमध्ये राहून तेथल्या शिकाऱ्यांकडूनच ती शिकला आणि कयाकमधून सीलची शिकार करू लागला. २० ऑगस्ट १९३२ रोजी तो एकटाच शिकारीला गेला. सोबत्यांना त्याची रिकामी कयाक तरंगताना सापडली. तो सापडला नाही. त्याचे वय २५ होते. ज्यांची ही होडी, त्यांच्या घरोघरी असे रिकाम्या कयाकचे दिवस पिढ्यान्पिढ्या उगवत आले होते. ते कोणत्याही वृत्तपत्रात छापून आले नव्हते, एवढाच फरक.

पुढची कथा थोडक्यात आटोपते. दुसरे महायुद्ध संपताच विमानांच्या कारखान्यात अॅल्युमिनियमचे कॅनू होऊ लागले. मग काचतंतूंचे, आणि १९७० नंतर साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकच्या कयाक. त्या खडकावर आपटल्या तरी फुटत नाहीत आणि पुष्कळांच्या खिशाला परवडतात. आपल्याकडे कोलाडजवळ कुंडलिका नदीत वीजघरातून सोडलेल्या पाण्यावर आज अनेकजण प्रथमच वल्हे हाती धरतात. नवशिक्याने पाळायचे नियम थोडे आणि जुनेच आहेत. आरंभ संथ पाण्यात करावा. तरंगणारे जाकीट अंगात घातल्याशिवाय पाय होडीत टाकू नये. उलटल्यावर बाहेर कसे निघायचे, हे आधी शिकावे आणि पुढे कसे जायचे, हे नंतर. जोर दंडात नव्हे, कमरेपासून वरच्या अंगात असावा. आणि वॉटकिन्सची आठवण ठेवून एकट्याने जाऊ नये.

आता शेवटची गोष्ट, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. जगभर कयाकची हौस फैलावत होती, त्याच विसाव्या शतकात ग्रीनलंडमधून कयाक नाहीशी होत चालली होती. मासेमारीच्या यांत्रिक बोटी आल्या, शिकारी नोकरीला लागले, म्हातारे गेले, आणि सांगाडा बांधणारे व कातडी शिवणारे हात कमी झाले. परदेशातला पोरगा तलावात उलटसुलट कोलांट्या मारीत होता. ज्याच्या आज्याने ती कला जन्माला घातली, त्या नूकच्या पोराला ती येत नव्हती. अशा वेळी, १९८० नंतरच्या दशकात, हॉलंडमधल्या संग्रहालयांतून काही शतकांपूर्वीच्या जुन्या कयाक ग्रीनलंडला प्रदर्शनासाठी आल्या. त्या पाहून तेथल्या तरुणांच्या मनाने घेतले की ही आपली वस्तू काचेआड पाहण्यासाठी नाही. त्यांनी उरलेल्या म्हाताऱ्यांना गाठले, मापे विचारून घेतली, सांगाडे बांधले, क्लब काढला. पुढे गावोगावच्या क्लबांचा संघ झाला. तो दरवर्षी स्पर्धा भरवतो आणि उलटून सुलटे होण्याचे कितीतरी प्रकार त्यांत करून दाखवले जातात. परदेशांतले हौशी लोकही तेथे जातात, पण शिकवायला नव्हे, शिकायला.

होडी पोटासाठी जन्मली ह्यात कमीपणा नाही, आणि ती हौसेची झाली ह्यातही नाही. भूक भागल्यावर माणसाने आपल्या हत्यारांशी खेळावे, हे सुखाचे लक्षण आहे. फक्त खेळताना एवढे मनात असावे की हातातल्या ह्या हलक्या वल्ह्यासाठी कोणीतरी आधी जीव पणाला लावला होता, आणि कोणा बाईने दिव्याच्या उजेडात, आपला माणूस परत यावा म्हणून, टाक्याला टाका भिडवला होता.